जिभेवर राखलेलं बी

उचगाव
१० ऑक्टोबर १९९९

आक्का, रामलिंगचं शरणार्थ.

फोन करायचं मी सोडून दिलंय. मागच्या वेळी नाक्यावरच्या बूथमधून ओरडून ओरडून माझा घसा बसला. तू तिकडं "कोण, कोण" करत राहिलीस. बूथवाला मीटरकडं बोट दाखवत राहिला. रांगेतल्या झाडून सगळ्या माणसांना माझ्या मिरच्यांची हकिगत कळली, बहिणीला तेवढी कळली नाही. कान गेलेल्या माणसाला पत्रच बरं. पत्रात तू मधे तोंडही घालू शकत नाहीस.

तर बातमी अशी, की आपल्या जावयानं, माझ्या विद्याश्रीच्या नवऱ्यानं, आसामातून पाठवलेल्या बियाला मिरची लागली. फौजेत राहून मल्लेशनं देशाचं काय भलं केलं ते सरकार बघून घेईल. माझं भलं त्यानं केलं. बोटाच्या पेराएवढी, सुरकुतलेली, म्हाताऱ्याच्या गालासारखी मिरची. तिकडं तिला भूत म्हणतात म्हणे.

फौंड्रीनं हार-नारळ देऊन घरी पाठवल्यापासून मी परसात काय केलंय ते तू बघितलं नाहीस. रंगाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, फौंड्रीतले दोन ड्रम, सगळ्यांत मिरची. लवंगी, ज्वाला, संकेश्वरी, ब्याडगी तर आहेतच. शिवाय टायरवाल्या केरळी माणसानं दिलेली कांथारी, जी आभाळाकडं तोंड करून उगवते. शेजारच्या बाळासोच्या पोरानं जहाजावरून आणलेली मेक्सिकोची, कंदिलासारखी फुगलेली. आणि आता हे भूत. तुझी भावजय शालू म्हणते, कपडे वाळत घालायला जागा ठेवली नाही. मी म्हटलं, कपडे काय, कुठंही वाळतात.

दर रविवारी पूजा आटोपली की प्रत्येक झाडाची एकेक फोड जिभेवर ठेवतो. बाळासो साक्षीला. जिनं जास्तीत जास्त भाजलं तिचं बी राखायचं, बाकीच्या ठेच्याला. आप्पा शेतात हेच करायचे. लोकांना यंत्रं लागतात, आमच्या घराण्याला जीभ पुरते. भूत जिभेवर ठेवलं तेव्हा आधी काहीच झालं नाही. बाळासो म्हणाला, "फसवलं की रं जावयानं." तेवढ्यात कानामागून सुरू झालं. घाम, उचकी, डोळ्यांपुढं काजवे. बाळासोनं उगाच चाखून बघितली आणि हौदात तोंड घातलं. मी मात्र गूळ खाल्ला, वर एक पुडी टाकली, की तोंड जागच्या जागी.

सोबत कंडक्टरच्या हाती चार भुतं पाठवतोय. जपून.

रामलिंग

•

आजरा
२ नोव्हेंबर १९९९

तम्मा,

भुतं पोचली. मी माझ्या काजूच्या शेडवर ठेचा केला. आमच्या बायका काही नाजूक नव्हेत. टरफलाच्या तेलानं हाताची सालं निघतात, तरी राखेत हात बुडवून परत काजू फोडायला बसणाऱ्या. त्यांतली चिमणाबाई म्हणाली, "आणा हिकडं, उचगावचं पावणं काय पाठवत्यात बघू." बोट चाटलं आणि जी नळाखाली जाऊन बसली ती जेवणाची सुट्टी संपली तरी उठली नाही. मी चाखली ती सुईच्या टोकानं. तरी कान गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं, की काहीतरी ऐकू येतंय. एकंदरीत, तिखट आहे. यापेक्षा जास्त कौतुक माझ्याकडून मिळणार नाही.

आता दुसरं. तोंड जागेवर आणायला पुडी लागते, हे तू बहिणीला पत्रात लिहितोस? फौंड्रीत भट्टीपुढं तोंड कोरडं पडतं म्हणून खातो म्हणायचास. आता तुझ्यापुढं भट्टी कुठली आहे? पूजा करून जीभ पवित्र करायची आणि त्याच जिभेवर गुटखा ओतायचा. मला ऐकू येत नाही, मी माणसांच्या ओठांवर जगते, म्हणून माणसांची तोंडं जवळून बघते. तुझे दात बघून मला फौंड्रीचा जुना पत्रा आठवतो. विद्याश्रीच्या लग्नात फोटोवाल्यानं सगळ्यांना हसा म्हटलं आणि तुला तेवढं तोंड मिटायला सांगितलं, ते मी बघितलं होतं.

पुडी सोड. मिरची लाव हवी तेवढी.

आक्का

•

उचगाव
१८ नोव्हेंबर २००१

आक्का, शरणार्थ.

जे झालंय ते पत्रात मावणार नाही, तरी लिहितो.

या वर्षी माझ्या परसातली मिरची माझ्या हाताबाहेर गेली. भूत तर मी आता जिभेवर ठेवूच शकत नाही. सुईचं टोक लावलं तरी संध्याकाळपर्यंत तोंडात इंगळ फिरतात. पण ते सोड. कांथारी दुप्पट झाली, संकेश्वरी चौपट झाली. आणि आक्का, ब्याडगी! जिच्यात रंगाशिवाय काही नसतं, जी लहान पोरांच्या आमटीत घालतात, ती ब्याडगी मला रडवून गेली. ड्रमाच्या कडेला शालूनं हौसेनं लावलेली भोपळी मिरची, शहरातले लोक भाजी म्हणून खातात ती, तीसुद्धा डसली.

मी विचार करून शोधलं. हे मधमाश्यांचं काम. भुताच्या फुलावरून उठतात आणि बाकीच्यांवर बसतात. सगळ्या परसाला भुतानं झपाटलंय. मी प्रत्येक झाडाचं बी राखलंय, कारण सोडून द्यावी अशी एकही मिरची राहिली नाही.

थोडा त्रास आहेच. परवा शालूनं वांग्याचं भरीत केलं. एक मिरची घातली नाही असं शपथेवर सांगते, तरी माझं तोंड पेटलं. ती खोटं बोलते असं नव्हे, पण तिचे हात दिवसभर त्या झाडांत. मी तिला रबरी मोजे आणून दिलेत. ते घालून ती भाकरी थापते आणि मला शिव्या देते. भाकरीसुद्धा झोंबते म्हणून मी गिरणीवाल्याशी भांडलो. ज्या चक्कीत चटणी कांडतोस तीत माझी ज्वारी दळू नको म्हटलं. तो म्हणाला, "चटणीची मशीन वेगळी हाय की ओ." असेल. गालफडं जरा आवळल्यासारखी वाटतात. बाळासो म्हणतो, तिखटानं कातडं ओढलं जातं. तो आता रविवारी चाखत नाही, लांबूनच नमस्कार करतो.

पार्सल पाठवतोय. शेडवरच्या बायकांना एकदम देऊ नकोस. काही झालं तर माझ्यावर येईल.

रामलिंग

•

आजरा
९ डिसेंबर २००१

रामलिंग,

तम्मा लिहिलेलं नाही हे बघ आणि कारण समजून घे.

तुझं पार्सल मी नाकाला फडकं बांधून उघडलं. चिमणाबाई उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली. ठेचा केला, तोही फुलवातीएवढा. मी चाखला. परत चाखला. मग पूर्ण बोट भरून. शेवटी चिमणाबाईनं येऊन अख्खी मिरची भाकरीबरोबर कचाकचा खाल्ली आणि विचारलं, "ह्ये तेच पावणं का दुसरं?" शेडवरच्या बायकांनी दोन दिवसांत सगळं पार्सल संपवलं आणि अजून मागितलं, जसं काय काकडीच पाठवली होतीस.

पत्रात एवढी भुतं नाचवलीस आणि पेटीत हे? चांगल्या मिरच्या स्वतःला ठेवल्यास आणि गाळ बहिणीकडं पाठवलास, दुसरं काय समजू? लहानपणीसुद्धा बोरं वेचून तू गोड तेवढी खिशात घालायचास आणि किडकी मला देऊन म्हणायचास, "आक्का, तुझ्यासाठी ठेवलीत." पन्नाशी उलटली, आता तरी सुधार.

आक्का

•

उचगाव
६ जानेवारी २००२

आक्का,

तुझं पत्र शालूनं वाचलं, बाळासोनं वाचलं. मी दोनदा वाचलं. बोरांचं मान्य. मिरच्यांचं मान्य नाही. एकाच झाडाच्या मिरच्या, अर्ध्या तुला, अर्ध्या मला. मी अर्धीनं आडवा झालो आणि तुझ्या बायका काकडी म्हणतात? काजूच्या तेलानं त्यांचे हात जसे मेलेत तशा जिभा मेल्या असणार.

आता जगापुढंच होऊ दे. फेब्रुवारीत आमच्या इथल्या तालमीनं शेतीमालाचं प्रदर्शन भरवलंय. त्यात तिखट मिरचीची स्पर्धा आहे. पंच म्हणून तीन पैलवान बसणार. तू ये. कान नसले तरी डोळे आहेत. तीन पैलवान माझ्या एका मिरचीनं मातीत लोळताना बघ आणि मग पत्र लिही.

मला या वयात दुसरं काही मिळवायचं राहिलेलं नाही. पोरगी सासरी सुखात आहे, फौंड्रीनं विसरून टाकलंय. एवढी एक मिरची माझी म्हणून राहिली आहे. ये.

रामलिंग

•

आजरा
२० फेब्रुवारी २००२

तम्मा,

तुझ्या घरी असताना बोलले असते, पण माणसं होती. म्हणून परत आल्यावर लिहिते.

जे मी बघितलं ते सांगते. पहिल्या पैलवानानं तुझी मिरची उचलली. पाण्याची बादली त्याच्या मांडीला लावून ठेवली होती. त्यानं डोळे मिटले आणि चावली. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. उरलेली खाल्ली. मिशी पुसली. त्याचे ओठ मला स्वच्छ वाचता आले. तो म्हणाला, "अजून हाय का?" दुसऱ्यानं दोन खाल्ल्या. तिसरा तर पंचगिरी विसरून मीठ मागायला लागला. तेव्हा तू रागानं मंचावर चढलास, त्याच ताटातली अर्धी मिरची तोंडात घातलीस आणि कोलमडलास. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, दोन्ही हात हवेत. मांडवातल्या लोकांना वाटलं, हा गमतीचा भाग आहे. टाळ्या वाजल्या. ऐकू आल्या नाहीत, पण हात दिसले. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याच्या साध्या लवंगीला पहिला नंबर मिळाला.

मलाही वाटलं, तू सोंग करतोस. रागावले होते. पण रात्री पंगतीत तू समोर बसलास. भाकरीचा नखाएवढा तुकडा करून दह्यात बुडवून बोटानं आत ढकलत होतास. पेरूची फोड तुला घालता आली नाही, कडेनं कुरतडलीस. तम्मा, सोंग करणारा माणूस लोक गेल्यावर सोंग करत नाही.

अजून एक. बाळासोच्या मिशा ओठांवर पडतात, तरी तो काय बोलतो ते मला कळतं. तुझ्याशी मी दोन दिवस बोलले आणि तुझा एक शब्द मला वाचता आला नाही. तू दात उघडत नाहीस. आधी वाटलं, हरला म्हणून पुटपुटतोय. मग वाटलं, माझ्यापासून काहीतरी लपवतोय. काय ते लिही. लिहिताना तरी तोंड उघडावं लागत नाही.

आक्का

•

उचगाव
११ मार्च २००२

आक्कांना शालूचं शरणार्थ.

हे पत्र ह्यांना माहीत न्हाय. तुम्ही विचारलंत ते त्यांनी काय लिहिलं न्हाय, लिहिणार बी न्हाईत. म्हणून मी लिहिते.

जेवण निम्म्यावर आलंय. दहीभात कालवून, चेचून देते तेवढा खातात. आमटीत मी चटणी घालायची बंद केली, तरी म्हणतात पेटलं. एकदा झोपेत तोंड उघडं होतं तेव्हा बॅटरी लावून बघितलं. गालाच्या आतनं पांढरंफटक झालंय, सायीसारखं, आणि मागं एक लाल चट्टा. सकाळी विचारलं तर म्हणाले, "भुतानं भाजलंय. भरून येईल." दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, "डॉक्टर पहिल्यांदा बागच बंद करायला सांगेल." प्रदर्शनानंतर तर सारखे झाडापाशी बसून असतात. बाळासो भावजी हसवायला येतात, त्यांच्याशी बी बोलत न्हाईत. सारखी पुडी आणि झाडं.

त्या मिरचीनंच तोंड खाल्लंय, मला दुसरं काय दिसत न्हाय. सगळी उपटून टाकू का? माझ्या शब्दाला ह्या घरात किंमत न्हाय. तुमचा शब्द आला तर उपटते.

शालू

•

आजरा
१५ मार्च २००२

शालू,

उपट. मुळासकट उपट, ड्रम भंगारवाल्याला दे, राखलेलं बी चुलीत घाल. जाळताना वाऱ्याच्या उलट बाजूला उभी राहा. तो ओरडेल, ओरडू दे. माझं नाव सांग. जे काही होईल ते माझ्यावर.

आक्का

•

उचगाव
१ डिसेंबर २००२

आक्का,

नऊ महिने तुला पत्र टाकलं नाही. टाकणार नव्हतो. पण धरून बसायलाही ताकद लागते.

मी पेन्शनच्या कामाला शहरात गेलो असताना तुझ्या हुकुमाप्रमाणे परस साफ झालं. परतलो तेव्हा गल्लीतली माणसं खोकत होती. पैलवानांना जे झालं नाही ते धुरानं सगळ्या गल्लीला झालं. शालू पदरानं डोळे पुसत होती. म्हटलं, आता रडून काय उपयोग. ती म्हणाली, "रडत न्हाय, धूर हाय." तिच्यावर मी हात उचलणार होतो, पण तिनं तुझं नाव सांगितलं. तू मोठी. काय करणार?

आता तुला आनंद व्हावा म्हणून लिहितो, की परसात दोऱ्या बांधल्यात आणि कपडे छान वाळतात. आणि आनंद कमी व्हावा म्हणून लिहितो, की माझं तोंड तसंच आहे. मिरची गेली, आग राहिली. बहुतेक मातीत उतरली असेल, मातीतून आडात. आता दहीभातही झोंबतो. मी पेज पितो. कानात ठणका लागतो. बोललो की बाळासो "काय, काय" करतो, तुझ्यासारखा.

दिवस जात नाही. आधी झाडांत हात असायचे. आता रिकामे हात खिशात जातात. सरकारनं पुडीवर बंदी आणली, टपरीवाल्यानं डबा फळीवरून उचलून फळीखाली ठेवला, एवढाच फरक पडला. भाव दुप्पट, माझ्या पुड्याही दुप्पट. बोलू नकोस. तोंड बधिर होतं तेवढा वेळच मला बरं वाटतं. बाकी सगळं तू काढून घेतलंस, एवढं राहू दे.

रामलिंग

•

आजरा
५ डिसेंबर २००२

तम्मा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शेडवर होते. काजू बाजूला सारून तिथंच लिहायला बसले. चिमणाबाईनं कागद दिला.

आपण सगळी येडी माणसं आहोत. तू, मी, शालू, बाळासो. नीट ऐक, म्हणजे वाच. तुझी मिरची मी खाल्ली. चिमणाबाईनं खाल्ली. सगळ्या शेडनं खाल्ली, तीन पैलवानांनी मीठ लावून खाल्ली. कुणाच्या गालात पांढरं झालं? कुणाचं तोंड आवळलं? मिरची तिखट झालीच नव्हती. तुझं तोंड सोलवटलं होतं. तुला ब्याडगी झोंबली, भोपळी झोंबली, भाकरी झोंबली. सगळंच सारखं भाजायला लागल्यावर तुला निवड कसली करता येणार? हाताला लागेल त्याचं बी राखलंस आणि भूत बिचारं मिळमिळीत होऊन गेलं. आता तर परसात एक रोप नाही, तरी आग आहे. मग आमच्या कुणाच्या तोंडात नाही आणि तुझ्या तोंडात रोज आहे, असं काय आहे? सांग.

पुडी आहे. मी तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, पण दातांवरून टोमणा मारायला लिहिलं होतं. आणि जेव्हा खरं काही उपटायची वेळ आली तेव्हा मी तुझी झाडं उपटायला लावली.

मी येतेय. हे पत्र पोचेल तेव्हा कदाचित मी दारात असेन. कपडे घालून तयार राहा, मोठ्या दवाखान्यात जायचंय. डॉक्टर काय बोलतो ते मला त्याच्या ओठांवरून कळेल, तू मला फसवू शकणार नाहीस.

आक्का

•

उचगाव
२७ एप्रिल २००३

आक्का, शरणार्थ.

पाटी-पेन्सिलीवर जगतोय. विद्याश्री माहेरी आली होती, तिच्या पोराची पाटी ती ठेवून गेली. पत्राला मात्र कागद घेतलाय.

तू माझ्याबरोबर दवाखान्यात होतीस, पण पहिली गोष्ट तुला दिसली नसेल, कारण तेव्हा तू चपला काढत होतीस. डॉक्टर म्हणाला, "तोंड उघडा." मी म्हटलं, "उघडलंय की." त्यानं बॅटरी तोंडावर धरली. मग म्हणाला, "तीन बोटं उभी आत घाला." एक गेलं, तेही कसंबसं. विचारलं, तिखट कधीपासून सोसत नाही? मी अजून शहाणाच, छाती काढून सांगितलं, दोन वर्षं झाली. तो म्हणाला, "तेव्हाच यायचं होतं. माणसाला आमटी झोंबायला लागली की तो आमच्याकडं येतो. तुम्ही बक्षीस आणायला गेलात."

ऑपरेशनचं तुला माहीत आहे. ते झाल्यावर तुला काजूच्या हंगामाला परत जावं लागलं, तेव्हा पट्ट्या होत्या. आता पट्ट्या निघाल्यात. डाव्या बाजूचा जबडा नाही, गाल नाही, ओठाचा तो कोपरा नाही. छातीचं कातडं काढून तिथं शिवलंय, त्याच्यावर केस उगवतात. न्हावी म्हणतो, दाढी कुठं संपवू? नाकातल्या नळीतून शालू पेज सोडते. त्यात ती मीठही घालते, कशाला ते माहीत नाही. चव लागायला ती पेज जिभेवरून गेली पाहिजे ना. उरलेली जीभ नुसती पडून असते, फौंड्रीनं घरी पाठवलेल्या माणसासारखी.

तोंडात आग नाही, हे खरं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

उन्हाळ्यात येते म्हणून तू लिहिलंस. येऊ नकोस. तू समोर बसशील आणि सवयीनं माझ्या तोंडाकडं बघशील. बघण्यासारखं तिथं काही राहिलं नाही, वाचण्यासारखं तर नाहीच. पत्र लिही. पत्रात मी अजून आधीचाच दिसतो.

रामलिंग

•

उचगाव
८ नोव्हेंबर २००३

आक्कांना शालूचं शरणार्थ.

मानेत परत गाठ आली. दवाखान्यात नेलतं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, दुखू देऊ नका. ह्यांनी पाटीवर लिहून विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहाय घेतली. ह्यांनी पाटी पुसून टाकली.

आता उठवत न्हाय. मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहाय बसले. काल अंथरूण बदलताना उशीखाली पुडी सापडली. बाळासो भावजींनी आणून दिली. मी त्यांना फाडून खाणार होते, पण विचारायच्या आधीच ते भिंतीला टेकून रडाय लागले. म्हणाले, "वयनी, त्यानं हात जोडलं माझ्यापुढं. मी काय करू?"

मी लपून बघितलं. खात न्हाईत, आक्का. ठेवाय तोंडात जागाच न्हाय. पुडीचा कोपरा फोडायचा, नाकापाशी धरायची, डोळे मिटायचे. तेवढा वेळ कपाळावरच्या आठ्या जातात. मग घडी घालून परत उशीखाली.

माझ्या जिवाची नुसती तगमग चाललीय. जिनं घर खाल्लं ती उशीखाली ठेवू? आणि काढून घेऊ म्हटलं, तर ह्यांच्याकडं दुसरं काय हाय आता? मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत, मी उपटलं. आता बी तुम्हीच सांगा. काढून घेऊ, का राहू दे?

शालू

•

आजरा
१२ नोव्हेंबर २००३

शालू,

राहू दे.

बाळासोला बोलू नकोस. त्याला म्हणावं, संपली तर नवी आण.

रामलिंगला सांग, मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. येऊ नको म्हणून त्यानं लिहिलंय, ते मी एप्रिलपासून उशाशी ठेवलंय आणि रोज मोडायचं ठरवतेय. तोंडाकडं बघीन. जे राहिलंय ते बघीन. त्याला पांघरूण ओढून घ्यायचं असेल तर घेऊ दे, मी बाजूला बसून राहीन. शेडची किल्ली चिमणाबाईकडं दिली आहे, परत कधी येईन ते तिला सांगितलं नाही.

तू दिवसा दोन घटका तरी झोप. रात्रीचं मी बघते.

आणि एक. त्याच्या बोटांत आता जोर नसेल. पुडी त्याला फोडायला लावू नकोस, मी आल्यावर मी फोडून देईन.

आक्का